फोटो नसेल तर दुर्मीळ बदकाची नोंद बाद करायची का?

भीमाकाठ
जानेवारीत उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूला, चक्रांग बदकांच्या थव्यात एक वेगळी मादी दिसली. चक्रांगापेक्षा किंचित मोठी, चोचीच्या मुळाशी गोल पांढरा ठिपका आणि त्याला गडद कड. माझ्या मते ती बैकल टील. तिथंच वहीत रेखाटन केलं, टिपणं लिहिली. फोटोत मात्र नुसती काळी आकृती. आमच्या पक्षिनिरीक्षक गटानं टिपणं उघडलीही नाहीत. फोटो नाही म्हणजे विषय संपला! हे मला मुळीच पटत नाही. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरही दुर्मीळ पक्ष्यासाठी फोटो सक्तीचा नाही. तिथं वर्णन मागतात आणि परीक्षक ते वाचून निर्णय घेतात. माझी नोंद तपासून नाकारा, पण आधी वाचा तरी.

चिखलवाट
गटाचं बरोबर आहे. भुवई बदकाच्या मादीलाही चोचीपाशी फिकट डाग असतो, आणि ती आपल्याकडे दर हिवाळ्यात येते. बैकल टील ईशान्य सायबेरियातली. हिवाळ्यात तिचे लाखोंचे थवे दक्षिण कोरियात उतरतात, भारतात ती क्वचितच भरकटते. दोन शक्यतांत एवढी तफावत असताना पुरावाही तेवढाच भक्कम हवा. दुसरं, कॅमेऱ्याला काळी आकृती दिसली तर तुम्हाला ठिपक्याची कड कशी दिसली?

भीमाकाठ
रास्त प्रश्न. थवा आधी उन्हाच्या बाजूनं दिसत होता, तेव्हाच सगळं टिपलं. मग कुणीतरी होडी थेट थव्यात घातली, पक्षी उडाले आणि उन्हाच्या पलीकडे जाऊन बसले. फोटो तिथले आहेत. भुवई बदकाचा विचार मीही केला होता. त्या मादीच्या डोळ्यावरून ठळक काळी पट्टी जाते, खाली गालावर आणखी एक गडद रेघ असते. हिचा गाल साधा होता. ठिपकाही पसरट नव्हता, सुटा नि गोल होता.

दुर्बीणवाली
मी भीमाकाठ यांच्या बाजूनं. 'फोटो आणाच' या दबावानंच होड्या थव्यात घुसतात. लांबून आलेल्या पक्ष्याला चरायला, विसावायला मिळत नाही. शिवाय फोटो म्हणजे निर्विवाद पुरावा, हेही खरं नाही. आजकाल सॉफ्टवेअरनं फोटो इतका साफ करतात की पिसांवरची बारीक नक्षीच पुसली जाते. मूळ फाईल कोणी मागतं का?

चिखलवाट
मागायलाच हवी, मान्य. होडीचा मुद्दाही मान्य. पण केवळ शब्दांवर विसंबलं की काय होतं ते गुलाबी डोक्याच्या बदकाच्या बाबतीत दिसलं आहे. १९४९ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही, तरी दावे येत राहिले. मोठी लालसरी या बदकाच्या नराचं तांबूस डोकं पाहून माणसं फसतात, आणि तीही प्रामाणिक माणसंच. त्यात बैकल टील देखणी म्हणून परदेशात पाळतात. पिंजऱ्यातून सुटलेली नव्हती कशावरून? पायात कडी होती का? पिसं छाटलेली होती?

भीमाकाठ
पाय पाण्यात होते, कडीबद्दल सांगता येणार नाही. वहीतही तसंच लिहिलंय. उडताना पंख अखंड दिसले, थव्याबरोबर सहज उठली. मी राज्याच्या यादीत नाव घाला म्हणत नाहीये. 'अनिश्चित' म्हणून नोंद ठेवा. पुढच्या हिवाळ्यात कुणाला तशीच मादी दिसली तर हे टिपण त्याच्या उपयोगी पडेल. बाद केलं तर तो दुवाच राहणार नाही.

चिखलवाट
'अनिश्चित' चालेल. मात्र वहीचं पान जसंच्या तसं जोडा, नंतर नीट लिहून काढलेलं नको. पंखावरच्या चकाकत्या पट्ट्याच्या कडांबद्दल काही टिपलंय का? भुवई बदकात त्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या असतात. ते टिपलेलं नसेल, तर भुवई बदकाची शंका माझ्या मनातून जाणार नाही.

दुर्बीणवाली
पान इथंच टाका. तिथल्या मच्छीमारांनाही ते रेखाटन दाखवा, रोज पाण्यावर तेच असतात. फक्त नेमकी जागा उघड सांगू नका.