ऑफिस सुटल्यावर मिसो रामेन, पहिल्यांदाच: काय बघायचं, काय विचारायचं?

मांडवीकाठ
पणजीत पाटोला ऑफिस, सहाला सुटतं. शुक्रवारी आम्ही चौघं पर्वरीपलीकडे रामेन, म्हणजे रश्श्यातले जपानी नूडल, खायला जातोय. मेनूत शोयू (सोया सॉसचं), टोन्कोत्सु (डुकराच्या हाडांच्या रश्श्याचं) आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) आहे. मिसोच घ्यायचं ठरलंय. एक जण पोर्क खात नाही, एकाचा श्रावण, म्हणजे महिनाभर शिवराक (शाकाहारी). बाऊल समोर आल्यावर रामेन नीट केलंय की गरम पाण्यात मिसो ढवळून दिलाय, हे कसं ओळखायचं? आणि उशीर झालाच तर पार्सल न्यावं का?

उकळी_फुटली
आधी नाक लावा. जपानमधल्या साप्पोरो शहराच्या पद्धतीत कढई कडक तापवून डुकराच्या चरबीत लसूण, कांदा आणि मोड परततात, मिसोची पेस्ट तिथेच चुरचुरवतात आणि मग वरून रस्सा ओततात. त्यामुळे भाजल्या लसणाचा खमंग वास यायलाच हवा. मोड म्हणजे उसळीचे नव्हेत. मूगच, पण अंधारात बोटभर वाढवलेले पांढरे कोंब. ते करकरीत हवेत. लिबलिबीत लागले आणि रस्साही पातळ असला, तर कढई तापलेली नव्हती. कोंबांना पाणी सुटलं आणि तेच रश्श्यात उतरलं. रस्सा कडवट लागला तर मिसो जळला. त्यात साखर असते, काही सेकंद इकडचे तिकडे झाले की संपलं.

वाफेवर मात्र जाऊ नका. वर चरबीचा थर असतो, तो वाफ दाबून धरतो. बाऊल निवल्यासारखा दिसतो आणि आत रस्सा चटका देणारा असतो. पहिला चमचा फुंकून घ्या.

नूडल जाड, पिवळसर आणि कुरळे हवेत. पिवळेपणा अंड्याचाच असतो असं नाही. पिठात कान्सुई, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट घालतात. रंगही त्याने येतो आणि चिवटपणाही. सरळ, शेवयांसारखे बारीक नूडल आले तर टोन्कोत्सुचेच मिसोत ढकलले असं समजा. दाट रस्सा त्यांना नीट धरत नाही.

शितकढी
मिसो परततात? मिसो उकळू नये, वास उडतो, असंच सगळीकडे वाचलंय.

उकळी_फुटली
तो नियम मिसो सूपचा. तिथे साधी डाशी (जपानी पातळ रस्सा) असते, सगळी मदार मिसोच्या वासावर, म्हणून गॅस बंद करून शेवटी विरघळवतात. रामेनला मिसो भाजलेलाच हवा. १९५०च्या दशकात साप्पोरोतल्या ‘आजि नो सान्पेइ’ या दुकानात मोरितो ओमिया यांनी हे रामेन रूढ केलं. अर्थात सगळीच दुकानं कढई वापरत नाहीत. काही जण बाऊलमध्ये पेस्ट घालून वर रस्सा ओततात. चव वाईट नसते, पण पेस्ट तळाशी बसते आणि शेवटचे घोट खारट लागतात. खायला सुरुवात करण्याआधी तळापासून एकदा ढवळा.

लोणी आणि मक्याचे दाणे हा होक्काइदोचा, म्हणजे साप्पोरो ज्या बेटावर आहे तिथला थाट. लोणी लगेच विरघळवू नका. अर्धा बाऊल तसाच खा, मग मिसळा.

किल्ल_आणि_कोकम
पोर्क न खाणाऱ्याने वरचे चाशूचे, म्हणजे शिजवलेल्या पोर्कचे तुकडे काढायला सांगून भागत नाही. पोर्क तीन ठिकाणी असतं: तुकडे, रश्श्यातली हाडं आणि कढईतली चरबी. कधी पेस्टमध्ये खिमाही असतो. “चिकनचा रस्सा आणि साधं तेल, असं करून मिळेल का?” असंच थेट विचारा.

शिवराकाचं जास्त अवघड. ‘व्हेज’ लिहिलेल्या रश्श्यातही डाशी असू शकते, आणि डाशीत बहुतेकदा कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन सुकवलेला मासा. विकतच्या काही मिसोत तर डाशी आधीच मिसळलेली असते. रस्सा कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचाच हवा, आणि मिसोत मासा नको, असं दोन्ही सांगावं लागतं. नूडलमध्ये अंडं आहे का तेही विचारा. श्रावणात कांदा-लसूणही बंद असेल तर मिसो रामेनचा नाद सोडलेला बरा. वर मेन्मा असेल तर बिचकू नका. ते आंबवून शिजवलेले बांबूचे कोंब, आपल्या गोव्यातल्या बांबूच्या कोंबांचे, किल्लाचे, लांबचे भाऊबंद.

मांडवीकाठ
लसूण चालतो त्याला. पार्सलचं काय?

पोयवाला
नूडल आणि रस्सा वेगळे देत असतील तरच घ्या. रश्श्यात पडलेले नूडल पाच-सात मिनिटांत फुगायला लागतात. पणजी-म्हापसा १३ किलोमीटर आणि वर पर्वरीचा ट्रॅफिक, म्हणजे घरी लापशीच पोचेल. नूडल थोडे कच्चे काढायला सांगा. घरी आधी बाऊलमध्ये कढत पाणी भरून ठेवा; गार बाऊल रस्सा निववतो. रस्सा पातेल्यात खळखळू द्या, ढवळत, कारण मिसो खाली बसून लागतो. दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळवून नूडल २० सेकंद बुडवा आणि गाळणीत जोरात झटका. राहिलेलं पाणी रस्सा पातळ करतं. बाऊलमधलं पाणी ओता, रस्सा घाला, वर नूडल.

रस्सा संपवलाच पाहिजे असं नाही. एका बाऊलला ३५० मिली धरा आणि मीठ दीड टक्का, म्हणजे सव्वापाच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. रक्तदाबवाल्यांनी नूडल आणि मोड खाऊन रस्सा तसाच ठेवावा.

आणि पार्सल मागवणार असलात तर अर्धं उकडलेलं अंडं वेगळ्या डबीत मागा, रस्सा गरम करताना त्यात टाकू नका. पिवळं घट्ट होतं.