पोलीस दिसले की हायसं वाटतं की धडकी भरते? तुमच्या शहरातले अनुभव

मोगरी:
लेकीला दिल्लीत नोकरी लागली म्हणून तिला सोडायला गेले होते, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. मेट्रोत शिरायचं तर बॅग मशीनमधून, मग बायकांची वेगळी रांग, पडद्याआड सीआयएसएफची (केंद्रीय सुरक्षा दलाची) बाई अंगावरून ते यंत्र फिरवणार. दाराशी बंदूकवाला जवान. बाहेर रस्त्यावर यावं तर पिवळे बॅरिकेड, त्यावर कुठल्यातरी दुकानाची जाहिरात आणि गाड्या त्यातून नागमोडी निघालेल्या. मला सारखं वाटत होतं की आज इथे काहीतरी झालंय. रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणे, रोज का है मॅडम. लेक तर आठवड्याभरात त्या सगळ्याकडे बघेनाशी झाली.

आमच्या पुण्यात एवढी खाकी फक्त गणपतीत दिसते, एरवी चौकात झाडाच्या सावलीला ट्रॅफिकवाले मामा आणि रात्री एखादी जीप. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला त्यानंतर काही दिवस कोरेगाव पार्कात पावलोपावली पोलीस होते, मग हळूहळू विरलं ते.

तर तुम्ही ज्या शहरात राहिलात तिथे पोलीस किती दिसतात आणि दिसल्यावर तुम्हाला काय वाटतं ते लिहा. पक्षबिक्ष मधे आणू नका प्लीज, स्वतः पाहिलेलं लिहा. बायकांनी तर नक्कीच लिहा.

टिल्लू_पुणेकर:
हेल्मेट घातलं असेल तर हायसं, नसेल तर धडकी. विषय संपला.

मोगरी:
@टिल्लू, वाटलंच होतं पहिला प्रतिसाद असाच येणार 😀

विरार_फास्ट:
मी बरीच वर्षं सेकंड शिफ्ट केली, चर्चगेटहून शेवटच्या एकदोन गाड्यांपैकी एक पकडायची. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो, कधी जीआरपीचा (रेल्वे पोलिसांचा), कधी होमगार्डचा पोरगा, हातात काठी आणि डोळे मोबाइलमध्ये. बांद्र्यानंतर डबा रिकामा होत जातो, बोरिवलीच्या पुढे तर आम्ही तिघीचौघीच. तो पोरगा माझ्यापेक्षा वयाने लहान, काडीसारखा, खरंच काही झालं असतं तर त्याने काय केलं असतं देव जाणे, पण तो दारात उभा आहे म्हटल्यावर मी डोळे मिटून घ्यायचे. आणि ज्या दिवशी तो नसायचा त्या दिवशी आम्ही सगळ्या आपापल्या जागा सोडून एकीकडे येऊन बसायचो, कुणी कुणाला सांगायचं नाही, आपोआप व्हायचं. एकदा एक बाई अंधेरीला चढली, डब्यात पोलीस नाही बघितलं आणि पुढच्या स्टेशनला उतरून दुसऱ्या डब्यात धावत गेली. त्यामुळे "नुसतं दिसून काय होतं" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. रात्री साडेबाराला दिसण्यानेच होतं जे काय व्हायचं ते.

निशिकासाई:
आम्ही तोक्योत एडोगावा भागात राहतो, इथे आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. इथला प्रकार एकदम निराळा. स्टेशनजवळ, मोठ्या नाक्यांवर कोबान असतात, म्हणजे छोटी पोलीस चौकीच, दारावर लाल दिवा. पद्धत १८७४ पासूनची. बाहेर एक फलक असतो, त्यावर काल शहरात अपघातात किती मेले, किती जखमी हे आकडे रोज बदलतात. मी नवीन होतो तेव्हा रोज सकाळी ते बघून ऑफिसला जायचो, फार विचित्र वाटायचं.

लोक पोलिसाकडे कशासाठी जातात तर पत्ता विचारायला. तो नकाशा काढतो, बोट ठेवून दाखवतो, कधी दाराबाहेर येऊन गल्लीच्या तोंडापर्यंत सोडतो. छत्री, पाकीट, मुलाचा एक बूट असलं काहीही सापडलं तरी लोक तिथे नेऊन देतात आणि त्याचा रीतसर कागद होतो. पोलीस गस्तीला गेला असेल तर टेबलावर फोन ठेवलेला असतो, उचलायचा आणि बोलायचं. शिवाय घरोघरी येऊन जातात. आमच्याकडे आले तेव्हा बायकोने दार उघडलं आणि वर्दी बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने हसून एक कार्ड पुढे केलं, घरात कोण राहतं, अडीअडचणीला कुणाला कळवायचं ते भरून द्या म्हणाला. आम्ही तासभर चर्चा करत बसलो की आपलं काय चुकलं असेल.

सगळं गोडगोड नाहीये पण. सायकलवर जाताना थांबवतात, मागचा रजिस्ट्रेशनचा स्टिकर बघतात, नंबर वायरलेसवर विचारतात, रेसिडेन्स कार्ड मागतात. अत्यंत नम्रपणे. पण मला जितक्यांदा थांबवलंय तितक्यांदा माझ्या ऑफिसातल्या जपानी लोकांना कधी थांबवलेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

मर्लायन_मामी:
@निशिकासाई, ती कोबानची आयडिया सिंगापूरने १९८३ मध्ये उचलली, हाउसिंग ब्लॉकांच्या खाली छोट्या पोलीस पोस्ट काढल्या. तरी आता खराखुरा पोलीस आठवड्यात एखाददा दिसला तर दिसला. पुठ्ठ्याचा मात्र रोज दिसतो! दुकानात शेल्फच्या बाजूला पोलिसाचा पुरुषभर कटआउट, खाली लिहिलेलं की चोरी हा गुन्हा आहे. लिफ्टच्या तोंडाशी कॅमेरा. माझी भाची आली होती ती म्हणाली इथे तर कुणीच नाही लक्ष ठेवायला, मी म्हटलं बाई वर बघ.

अपवाद लिटल इंडिया या भागाचा. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे दंगल झाली, तेव्हापासून रविवारी तिथे पोलीस हमखास असतात आणि दारूविक्रीवर बंधनं आली. त्याच दिवशी आपले बांधकामावरचे मजूर सुट्टीला तिथे जमतात, गवतावर बसून घरी व्हिडिओ कॉल करतात. मी भाजी घ्यायला जाते, मला कुणी हटकत नाही. त्यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते हे मात्र जाणवतं.

बंगळुरी_भाकरी:
पुठ्ठ्यावरून आठवलं, आमच्याकडे बंगळुरूत २०१९ मध्ये चौकाचौकात पुतळे उभे केले होते. कपड्याच्या दुकानातले असतात तसले, ट्रॅफिक पोलिसाची वर्दी, गॉगल सगळं घालून. पहिले काही दिवस लोकांनी खरंच सिग्नल पाळला. नंतर पुतळ्याशेजारी उभं राहून सेल्फी.

नायगावकरीण:
मी पोलीस लाइनीत वाढले, बाबा हवालदार म्हणून रिटायर झाले, तर जरा दुसरीकडून लिहिते.

तुम्हाला जो "दिसतो" तो बहुतेक वेळा बंदोबस्ताचा पोलीस असतो. त्याला पहाटे हजेरीला बोलावलेलं असतं, मग गाडीत कोंबून पॉइंटवर सोडतात आणि पॉइंट सोडायचा नाही. जेवणाचं पाकीट आलं तर आलं, नाहीतर वडापाव. अनंत चतुर्दशीला सकाळी गेलेले बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे, कारण लालबागचा राजा गिरगाव चौपाटीला पोचून पाण्यात जायलाच दुसरा दिवस उजाडतो. बूट काढले की पायावर मोज्यांचे वळ उठलेले, आई टबात गरम पाणी आणि मीठ तयार ठेवायची, त्यात पाय सोडून बाबा बसल्या बसल्या झोपायचे. टीव्हीवर तेव्हा विसर्जनच चालू असायचं. बाबा म्हणायचे ते बंद करा आधी.

बायकांचे तर हाल विचारूच नका. माझी मैत्रीण शिपाई आहे, बंदोबस्ताच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही, कारण जायचं कुठे?

२०१६ मध्ये पडसलगीकर साहेब मुंबईचे पोलीस आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, पुढे तो बाकी ठिकाणी नेला. लाइनीत तेव्हा काय आनंद झाला होता! पण मोठा बंदोबस्त लागला की कसले आठ तास न् काय.

आणि एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. बंदोबस्तातला माणूस त्या भागातला असेलच असं नाही, दुसऱ्या ठाण्यातून आणलेला असतो, एसआरपी म्हणजे राज्य राखीव दलाचा असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातून. त्याला तुम्ही गल्ली विचारली तर तो तुमच्याचसारखा इकडेतिकडे बघणार. आमच्या भागात कुठलं पोरगं बिघडतंय, कुठल्या घरात नवरा हात उचलतो हे बीटवरच्या, म्हणजे तेवढाच भाग नेमून दिलेल्या, जाधवांना ठाऊक असायचं (आडनाव बदललंय), आणि ते कधी चौकात उभे दिसायचे नाहीत. ते पानाच्या गादीवर नाहीतर इस्त्रीवाल्याकडे बसलेले असायचे. लोक म्हणायचे बसून असतात नुसते.

आकडेमोड:
@नायगावकरीण, जबरदस्त प्रतिसाद. पोलीस जास्त दिसल्याने फरक पडतो का, यावर अमेरिकेत एक जुना प्रयोग झालाय. कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये पोलिसांनी पंधरा बीट घेतले, त्यातल्या पाचांत गस्त बंद, फोन आला तरच गाडी जाणार. पाचांत नेहमीसारखी गस्त, पाचांत दुप्पटतिप्पट. वर्षभर. शेवटी बघितलं तर गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नाही, लोकांना वाटणाऱ्या भीतीतही नाही, आणि भारी म्हणजे गस्त कमीजास्त झालीय हे लोकांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

विरार_फास्ट:
@आकडेमोड, त्या अमेरिकनांना रात्रीच्या विरार लोकलमध्ये बसवा मग बोलू.

आकडेमोड:
अहो ताई, तुमचा मुद्दा कापत नाहीये, उलट पुढचे प्रयोग तुमच्याच बाजूचे आहेत. कॅन्ससमध्ये गाड्या सगळीकडे फिरत होत्या. १९८८-८९ मध्ये मिनियापोलिसला फक्त ठरावीक बदनाम नाके निवडून तिथे पोलीस वाढवले तर फरक पडला. त्याच माहितीवरून नंतर असंही निघालं की एका जागी दहापंधरा मिनिटं थांबून निघून जावं, त्याहून जास्त उभं राहून फायदा वाढत नाही. रात्रीचा लेडीज डबा म्हणजे असा नाकाच झाला की. पण तिथला पोलीस गाडीतून उतरून जाऊ शकत नाही, एवढा फरक!

टेम्सकाठची:
लंडनला नेहमीच्या पोलिसाकडे बंदूक नसते हे माहीत होतं, तरी आल्यावर गंमत वाटली. शिवाय पीसीएसओ नावाचे असतात, २००२ च्या कायद्याने आलेले, वर्दी साधारण तशीच पण पोलिसाइतके अधिकार नाहीत. आमच्या भागातली बाई सगळ्या दुकानदारांना नावाने ओळखते. ट्रेनमध्ये दर थोड्या वेळाने ती "सी इट, से इट, सॉर्टेड" अनाउन्समेंट, म्हणजे लक्ष तुम्हीच ठेवायचं.

सांगलीहून आई आली तेव्हा तिला पॅरिसला घेऊन गेले. गार द्यू नॉर स्टेशनला उतरलो तर समोरून मिलिटरीच्या कपड्यात, छातीवर मोठी रायफल धरून सैनिक चाललेले. जानेवारी २०१५ मध्ये शार्ली एब्दो या साप्ताहिकावर हल्ला झाला त्यानंतर फ्रान्सने सैन्य रस्त्यावर आणलं ते असं गस्त घालत असतं. मी तिचा हात धरून बाजूला झाले. आई म्हणाली, किती कोवळी पोरं आहेत गं, आणि सरळ त्यांना हात जोडून नमस्कार केला. एकाने मान हलवून हसून उत्तर दिलं. आम्ही दोघी एकाच माणसांकडे बघत होतो, तिला मुलगे दिसले, मला बंदुका.

सलीम_सोलापूरचा:
सगळं वाचतोय, मजा येतेय. माझा अनुभव थोडक्यात. मी आणि माझा रूममेट, एकच बाइक, रात्रीची नाकाबंदी. तो चालवत असला की लायसन्स बघून "जा". मी चालवत असलो की लायसन्सवरचं नाव वाचून परत तोंडाकडे बघणार, मग कुठून आलात, कुठे राहता, काय करता, डिकी उघडा. शिवीगाळ कधीच नाही, हात कधीच लावला नाही. शहराचं नाव लिहीत नाही, एकाच शहराचा दोष नाहीये हा. आता आमचं ठरलंय, रात्री तोच चालवतो. त्यामुळे पोलीस "किती" दिसतात याचं उत्तर मला आणि त्याला वेगवेगळं येईल.

मोगरी:
@सलीम, लिहिलंत ते बरं केलंत.

टिल्लू_पुणेकर:
जोक मारून गेलो होतो पण हे वाचून गप्प बसलो.

पार्ल्याची_पमा:
मला तर पोलीस घरी येणारा आवडतो. माझी आत्या ऐंशीच्या पुढची, पार्ल्यात एकटी राहते, मुलं परदेशात. पोलीस ठाण्यात नाव नोंदवलंय, तेव्हापासून बीटचा हवालदार अधूनमधून येऊन बेल वाजवतो. काय आजी, ठीक ना, कामाला बाई कोण येते, तिचं आधार कार्ड बघितलंत का, साखळी लावून दार उघडत जा. मग वहीत तिची सही घेतो, कारण त्यालाही वर दाखवावं लागतं. आत्याची तक्रार एकच की मेला नेमका सिरियलच्या वेळेला येतो. पण दोन खेपा आला नाही तर तीच मला फोन करते, त्याची बदली झाली का बघ गं म्हणून.

मोगरी:
@पमा, नोंदणी कशी केलीत? माझ्या सासूबाई दादरला एकट्या असतात.

पार्ल्याची_पमा:
जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं, ते नाव, पत्ता, आजार, जवळच्या नातेवाइकाचा नंबर असं लिहून घेतात. मुंबईत ज्येष्ठांसाठी १०९० हेल्पलाइनही आहे, तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी चिकटवून ठेवा. आणि ठाण्यात सकाळी लवकर जा, दुपारनंतर कोण भेटेल सांगता येत नाही, सगळे कुठेतरी बंदोबस्ताला गेलेले असतात.