विधानसभा बरखास्त, विसर्जित की भंग?

साखर पेठ:
पुतणी एमपीएससीचा अभ्यास करतीय. काल तिच्या नोट्समध्ये एक वाक्य वाचलं, ‘विधानसभा बरखास्त झाल्यास न्यायालय त्याचा फेरविचार करू शकते’. वाचल्या वाचल्या खटकलं पण नेमकं काय चुकलंय ते तिला सांगता येईना. पेपरात तर बरखास्तपण येतं, विसर्जितपण येतं, हिंदी चॅनलवर भंग. सगळं एकच का? जाणकारांनी सांगा, परीक्षा तोंडावर आलीय.

सात रस्ता:
कोर्टाच्या आवारात बरीच वर्षं टायपिंग केलंय म्हणून सांगतो, जरा लांबेल. दोन शब्द चुकलेत. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत अनुच्छेद १७४ मध्ये शब्द आहे विसर्जन. बरखास्त हा फारसी, मूळ अर्थ उठणं, म्हणजे दरबार बरखास्त झाला तर दरबार उठला एवढंच, उद्या परत भरेल. पुढं तो काढून टाकण्याला लागला, संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवला म्हटलं की कुणीतरी काहीतरी चुकीचं केलं असं आपोआप ऐकू येतं. म्हणून सरकारला तो शोभतो. विधानसभेला नाही, कारण पाच वर्षं पूर्ण करून संपली तरी तिचं विसर्जनच होतं, त्यात दोष कुणाचाच नसतो.

भंग तर मराठीत आणूच नका. आपल्याकडं हक्कभंग, शांतताभंग, म्हणजे मोडणं.

आता फेरविचार. कोर्ट स्वतःच दिलेला निकाल परत बघतं ती फेरविचार याचिका, कायद्याच्या भाषेत पुनर्विलोकन याचिका. आणि सरकारनं किंवा राष्ट्रपतींनी केलेली गोष्ट घटनेत बसते का हे कोर्ट तपासतं ते न्यायालयीन पुनर्विलोकन. पुनर्विलोकन दोन्हीकडं आलं म्हणून लोक गोंधळतात. पण दुसऱ्यात कोर्ट राष्ट्रपतींच्या जागी बसून नव्यानं विचार करत नाही, निर्णयामागं संबंधित माहिती होती का, हेतू वाईट होता का, एवढंच बघतं. फेरविचार लिहिलं की हा फरकच जातो.

जुळे सोलापूर:
आमच्या घरात कन्नड. कानडी पेपरात विधानसभेला ‘विसर्जने’च म्हणतात, पण सरकार काढलं की ‘वजा’. आणि अर्ज फेटाळला तरी ‘वजा’! बोम्मई केसमध्ये दोन्ही झालं की. २१ एप्रिल १९८९ ला कर्नाटकात एस. आर. बोम्मई यांचं सरकार गेलं, मी सभागृहात बहुमत दाखवतो म्हणत होते तरी संधी दिली नाही, मग हायकोर्टानं याचिकापण फेटाळली. शेवटी ११ मार्च १९९४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं. तोवर पाच वर्षं गेली होती ओ.

अशोक चौक:
तेलुगूत सरळ ‘रद्दु’. २०१८ ला तेलंगणात मुदतीआधी विधानसभा विसर्जित झाली तेव्हा आजोबा तेलुगू पेपर वाचून मोठ्यानं म्हणाले, असेंब्ली रद्दु. मला मराठी शाळेतला रद्द माहीत, मला वाटलं निवडणूकच रद्द झाली. मराठीत रद्द करायचं काम कोर्टाचं, विसर्जनाचा आदेश रद्द.

विजापूर रोड:
पण विसर्जन म्हटलं की गणपती डोळ्यासमोर येतो, आणि उत्तरपूजेत तर भटजी ‘पुनरागमनाय च’ म्हणतात. विसर्जित विधानसभा परत येते का? नसेल तर शब्दच चुकीचा आहे असं माझं मत.

सात रस्ता:
हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शब्दकोशात नाही, निकालात आहे. बोम्मई निकालात म्हटलंय की राष्ट्रपती राजवटीला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी येईपर्यंत विधानसभा विसर्जित करायचीच नाही, फार तर निलंबित ठेवायची. पेपरवाले त्यालाच संस्थगित म्हणतात. आपल्याकडं नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा विधानसभा संस्थगितच होती, म्हणून त्याच आमदारांतून पुढं सरकार झालं. आणि राजवटीची घोषणाच बेकायदा ठरली तर कोर्ट विधानसभा परत उभी करू शकतं हेसुद्धा त्याच निकालात आहे.

पण बिहारचं बघा. फेब्रुवारी २००५ ला निवडणूक, कुणालाच बहुमत नाही, आमदारांची शपथसुद्धा झाली नव्हती, २३ मे ला विसर्जन. सुप्रीम कोर्टानं ७ ऑक्टोबरला ते घटनाबाह्य ठरवलं, कारणं २४ जानेवारी २००६ ला दिली, तीन विरुद्ध दोन. तरी विधानसभा परत आली नाही, नवी निवडणूक सुरू झाली होती म्हणून. मतं देऊन निवडलेले लोक एकदापण सभागृहात बसले नाहीत, मला हे आजही लागतं. म्हणून मी विसर्जन घटनाबाह्य आणि विधानसभा पूर्ववत ही दोन वाक्यं कधी एकत्र टाईप करत नाही.

साखर पेठ:
सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय, ‘विधानसभेच्या विसर्जनाचे न्यायालय पुनर्विलोकन करू शकते, विसर्जन घटनाबाह्य ठरले तरी विधानसभा पूर्ववत होईलच असे नाही’. पुतणी विचारतीय, हिंदीतलं ‘बहाल’ वापरलं तर चालेल का पूर्ववतला?

सात रस्ता:
नको. मराठीत बहाल म्हणजे देऊन टाकणं, पदवी बहाल करतात. विधानसभा लोकांनी दिलेली असते, कोर्टानं नाही. पूर्ववतच ठेव म्हणावं.