काय खायचं हे शिकायला पाच वर्षं?

भिवापुरी_तिखट (धागाकर्ती)
बारावीच्या निकालानंतर आमच्या घरी जंगी वाद झाला. भाचीला आहारशास्त्र घ्यायचंय, आधी बी.एस्सी., मग एम.एस्सी. भाऊजी म्हणाले, "काय खायचं हे शिकायला पाच वर्षं? आजीला विचार, फुकटात सांगेल." मी स्वतः याच विषयात एम.एस्सी. केलंय, त्यामुळे गप्प बसणं जमलं नाही. माझं मत: शिकावं आणि विद्यापीठातच शिकावं. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून 'न्यूट्रिशनिस्ट' अशी पाटी लावणाऱ्यांचं नागपुरात पेव फुटलंय. तुम्हाला काय वाटतं?

मेडिकल_चौक
भाऊजींशी सहमत. बाबांना शुगर निघाली तेव्हा एका दवाखान्यातल्या पदवीधर डायटिशियनबाईंनी छापील कागद हातात ठेवला. सकाळी ओट्स, चार वाजता सफरचंद, रात्री वाफवलेला मासा. आम्ही शाकाहारी! आणि बाबा म्हणजे पोह्यांवर तर्री ओतल्याशिवाय ज्यांचा रविवार उजाडत नाही असे. कागद फ्रिजवर पिवळा पडला. पदवी घेऊन हेच करायचं असेल तर आजी परवडली.

भिवापुरी_तिखट
बाईंनी विचारायलाच हवं होतं, ते टाळलं. आम्हाला पहिल्या वर्षीच दारोदार पाठवायचे. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं, ते मापाची वाटी-चमचा दाखवून एकेक विचारायचं. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका आजी म्हणाल्या, "तेल? थोडंसंच टाकतो बाई." मग विचारलं, महिन्याला किती लागतं? पाच किलोचा डबा. माणसं पाच. म्हणजे रोज माणशी ३३ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची नमुना थाळी दिवसाच्या २००० किलोकॅलरीला तेल-तूप धरून २७ ग्रॅम सांगते. बाहेरचा समोसा आणि सावजीची वाटी यात धरलेलीच नाही. आजी खोटं बोलत नव्हत्या, त्यांचं 'थोडंसं' तेवढंच होतं.

धानपट्टीवाला
ताई, शास्त्राचं कौतुक केव्हापासून ऐकून राहिलो. आता आमचंही ऐका. भंडाऱ्याकडे धान उभा असतानाच बांधीत लाखोरी डाळीचं बी फेकतात. ओलाव्यावर येते, पाणी नाही, खत नाही. १९६१ साली केंद्रानं तिच्या विक्रीवर बंदी आणली, कारण काय तर पाय लुळे पडतात. आमच्या घरी तीन पिढ्या खाऊन राहिल्या, कोणाचा पाय गेला नाही. आणि २०१६ च्या सुरुवातीला आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, रतन, प्रतीक आणि महातिवरा हे तीन वाण चालतील म्हणून सांगितलं. मधली ५५ वर्षं आम्ही माल चोरासारखा विकला, त्याचं काय? आजी बरोबर होती का शास्त्र?

भिवापुरी_तिखट
भाऊ, बंदीचा जाच खरा आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण तुमच्या घरी लाखोरीसोबत भात होता, भाजी होती, अधूनमधून तूर होती. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळायची. दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरं काही नाही, आणि धडधाकट तरुण काठीवर आले. दाण्यातलं ओडॅप नावाचं विष मज्जातंतूंना बाधतं. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की त्याचं प्रमाण कमी होतं. पाणी फेकायचं हे तुमच्या आजीला ठाऊक असेलही. पण ताटात किती वाटा झाला की धोका, हे कोणी तरी मोजायलाच हवं होतं. आणि ते तीन वाण काय आभाळातून पडले? कमी ओडॅपचे वाण निवडून, प्रयोगशाळेत तपासूनच आले ना!

धानपट्टीवाला
निवडले, मान्य. पण ५५ वर्षं काहून लागली, ते नाही सांगितलं.

अंबाझरीकाठी
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दोन्ही बाजूंना टोचणारं बोलतो. मुलगी फिकट दिसली की सगळ्यांचं एकच: गूळ, खजूर, बीट, लोहाच्या गोळ्या. आजीचंही तेच आणि इन्स्टावाल्याचंही. पण आपला विदर्भ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पट्टा आहे. त्यात तांबड्या पेशी वेळेआधीच फुटतात, लोह कमी असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या पेशंटच्या अंगात तर लोह साचतं. त्याला न तपासता लोह देणं म्हणजे आगीत तेल. हे कळायला जीवरसायनशास्त्र लागतं, आजी पुरत नाही. पण ताई, खरं सांगा, तुमच्या अभ्यासक्रमात सिकलसेलला किती तास होते?

भिवापुरी_तिखट
एक. तोही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकलेला. पटलं.

मेडिकल_चौक
बघा! म्हणजे पदवी घेऊनही अर्धवटच. आणि पगाराचं कोणी बोलतच नाहीये. भाऊजींना खरी चिंता तीच असणार.

भिवापुरी_तिखट
तीच आहे. सुरुवातीला हाती फार येत नाही, हे मी भाचीला स्वच्छ सांगितलंय. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आहारतज्ज्ञही आहेत, नोंदणीची तरतूद आहे. त्यातून पाटीवाल्यांना चाप बसला तर बरंच. आणि दादा, तो पिवळा कागद फेका आता. बाबांची तर्री बंद करू नका, आधी महिन्याला घरात तेल किती लागतं तेवढं विचारा.

मेडिकल_चौक
विचारलं. आई म्हणते, "थोडंसंच."