टर्नटेबलवरची चित्रं फोनमध्ये दिसतात, डोळ्यांना नुसता पट्टा. काय चुकतंय?

पाटीपेन्सिल
३० सेंमीची पुठ्ठ्याची तबकडी, कडेने १२ चित्रं (उडी मारणारा बेडूक), जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर ३३⅓ च्या वेगाने. डोळ्यांनी पाहिलं तर नुसता हिरवा पट्टा. फोनच्या व्हिडिओत बेडूक दिसतात, पण फरफटत पुढे जातात, उडी काही मारत नाहीत. प्लेअरला ४५ चाही वेग आहे. विज्ञान प्रदर्शनात आठवीची मुलं मांडणार आहेत, त्यामुळे फोनशिवाय दिसलं तर उत्तम. आणि फलकावर ‘दृष्टिसातत्यामुळे चित्र हलताना दिसतं, प्रतिमा डोळ्यात १/१६ सेकंद टिकते’ एवढं लिहिलं तर चालेल ना?

फिरकी
आधी फोनचं. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे सेकंदाला ०.५५६. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेमांच्या मधे तबकडी १/५४ फेरा सरकते, आणि तुमची चित्रं आहेत १/१२ फेऱ्यावर. पुढचा बेडूक आधीच्याच्या जागी पोचेपर्यंत फोनने चारपाच फोटो काढलेले असतात. फरफट दिसणारच.

फोन २५ फ्रेमवर ठेवा आणि कडेला ४५ घरं आखा. २५ भागिले ०.५५६ बरोबर ४५, आणि एक घर ८ अंशांचं, त्यामुळे साध्या कोनमापकाने आखता येतं. ४५ वेगळी चित्रं काढायची गरज नाही, १५ चित्रांची उडी तीनदा चिकटवा. शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) १/१००० सेकंदावर बांधून टाका. कडेचा वेग सेकंदाला ५२ सेंमी पडतो, १/५० च्या शटरला चित्र सेंमीभर फासटतं, १/१००० ला अर्धा मिमी. ऑटोवर ठेवलंत तर उजेड कमी झाल्यावर बरेच फोन फ्रेमांचा वेग आपणहून उतरवतात आणि सगळं गणित फिसकटतं.

एक गंमत: आतल्या वर्तुळात ४४ ठिपके काढा, त्याच्या आत ४६. व्हिडिओत ४४ चे ठिपके मागे सरकतील, ४६ चे पुढे, बेडूक जागच्या जागी उड्या मारत राहतील. तबकडी एकच, फिरतेय एकाच दिशेने.

डोळ्यांसाठी स्ट्रोबचा (भरभर उघडझाप करणारा) दिवा मात्र लावू नका. ४५ घरांना सेकंदाला २५ झपाके लागतील. फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार (लुकलुकत्या उजेडाने फिट येणं) असलेल्यांना झटका यायचा सर्वांत जास्त धोका याच टप्प्यात असतो, आणि प्रदर्शनात कोण येईल सांगता येत नाही.

कागदकाम
फोनशिवाय हवं असेल तर आडवी तबकडी सोडा आणि त्याच प्लेअरवर ड्रम ठेवा. हा झोइट्रोप: आतून चित्रं लावलेला फिरता ड्रम, बाहेरून फटींमधून समोरची चित्रं पाहायची. विल्यम हॉर्नरने १८३४ मध्ये मांडलेली रचना, अजूनही तीच सर्वांत भरवशाची.

व्यास २५.५ सेंमी घ्या म्हणजे परीघ ८० सेंमी येतो. १६ फटी, दर ५ सेंमीला एक. ४५ च्या वेगाला सेकंदाला बरोबर १२ फटी डोळ्यासमोरून जातात. ड्रमची उंची १८ सेंमी. फटी वरच्या अर्ध्या भागात, ३ मिमी रुंद, ४ सेंमी उंच. चित्रांची पट्टी आतून, फटींच्या खाली. फट ५ मिमी केलीत तर उजेड वाढतो पण बेडूक फासटतो, २ मिमीला रेखीव दिसतो पण अंधार. बाहेरची बाजू काळ्या चार्ट पेपरने मढवा, पांढरी राहिली तर तिचाच उजेड डोळ्यात जातो आणि आतलं चित्र फिकट पडतं. तळाला मध्यभागी ७.५ मिमीचं भोक, सुईचा हात बांधून ठेवा.

पट्टी ए-३ च्या दोन तुकड्यांची, प्रत्येकी ४० सेंमी, आठ-आठ चित्रं. सांधा नेमका फटींच्या मधोमध येऊ द्या. तो २-३ मिमी इकडेतिकडे झाला तर दर फेऱ्याला बेडूक ठेचकाळतो.

आणि बेडूक जाडा काढा! जवळची फट डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा समोरचं चित्र उजवीकडून डावीकडे येत असतं. फट चित्रावरून दुप्पट वेगाने सरकते, म्हणून लांबून पाहणाऱ्याला चित्र निम्म्या रुंदीचं दिसतं, ड्रमच्या व्यासाएवढ्या अंतरावरून दोनतृतीयांश. पट्टीवर एक गोल काढून बघा, अंडं दिसेल. दीडपट ते दुप्पट रुंद काढलात की गोल गोल होतो, तोही ठरावीक अंतरावरूनच.

रिकामी_जागा
फलकावरचं ते वाक्य काढा. प्रतिमा रेंगाळते हे खरं, पण तिने होतो तो तुमचा हिरवा पट्टा. बारा बेडूक एकमेकांवर सांडतात, हालचाल होत नाही. फटींचं काम उलट आहे: प्रत्येक चित्र क्षणभर दाखवून मधे अंधार घालणं. दोन चित्रांमधली उडी मेंदू भरतो. तुमची पहिली तबकडी फेकू नका, ड्रमशेजारी ठेवा. मुलांना आधी ती दाखवा.

मेंदू भरतो हे दाखवायला दोन लाल एलईडी पुरतात. ३ सेंमी अंतरावर, आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) ८ आणि ९ पिनला, प्रत्येकी २२० ओहमचा रेझिस्टर. पहिला २० मिलिसेकंद लावा, मध्यंतर, मग दुसरा २० मिलिसेकंद, मग पूर्ण सेकंदभर अंधार. मध्यंतर २०० ठेवलं तर एक लागला, मग दुसरा लागला, असं सरळ दिसतं. १० ठेवलं तर दोन्ही एकदम लागल्यासारखे. ६० च्या आसपास एकच ठिपका इकडून तिकडे उडी मारतो. खोलीतला उजेड आणि अंतर बघून आकडा थोडा मागेपुढे करावा लागेल. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचंच हे घरगुती रूप. मधल्या ३ सेंमीत दिवाच नाही, तिथून डोळ्यावर कधी काही पडलेलंच नाही. मग रेंगाळणार काय?

पाटीपेन्सिल
ड्रम जमला, बेडूक उडी मारतो. वाक्य बदलतो. पण वर्गातल्या एलईडी दिव्याखाली प्रत्येक बेडकावर तीनचार उभे काळपट पट्टे येतात आणि सरकत राहतात. खिडकीपाशी नेला की जातात.

फिरकी
दिवा लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी (आणि चोकवाली ट्यूबही) सेकंदाला १०० वेळा मंदावते. फटीला एका बेडकावरून जायला साधारण ४० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात दिवा चार वेळा मंद होतो. तेच चार पट्टे. सरकतात कारण १०० ला १२ ने भाग जात नाही.

१२ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडी पट्टी लावा, ड्रमच्या वर, आत उजेड पडेल अशी. डिमर नको, तोही लुकलुकतो. दुसरा दिवा निवडायचा असेल तर त्याच्याखाली पेन्सिल पंख्यासारखी भरभर हलवा. सलग पुसट पंखा दिसला तर दिवा चालेल, सुट्या सुट्या पाचसहा पेन्सिली दिसल्या तर दुसरा बघा.