पत्र्याच्या फिडलीही हातच्याच

हाताने घडवलेली फिडल (लोकसंगीतात वाजणारं व्हायोलिन) ही श्रीमंतांचीच चैन, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. आजच्या किमती पाहून तसं वाटणं साहजिक आहे. स्प्रूस आणि मेपलचं लाकूड तासत आठवडेच्या आठवडे घालवणाऱ्या कारागिराला त्याचा मोबदला मिळायलाच हवा. पण आयर्लंडच्या डॉनिगॉल भागातल्या पत्र्याच्या फिडलींचा विषय अशा वेळी निघतच नाही. गावोगाव फिरून डबे-बादल्या करणारे कारागीर त्याच पत्र्यातून फिडलीची आवाज घुमवणारी पोकळ पेटी कापत, वाकवत आणि सांधे डाख देऊन जोडत. लाकडी वाद्य परवडत नसे तिथे ही पत्र्याची फिडल चाले. आवाज लाकडाइतका भरदार नाही, जरा दबका आणि धातूचा येतो, हे मान्य. तरी हात, नजर आणि कान यांचं काम तिथेही तेवढंच लागतं.

तिथला थोर वादक जॉन डोहर्टी (निधन १९८०) अशाच फिरत्या पत्रेकाम करणाऱ्या घराण्यातला. घरात वादनही पिढीजात आणि पत्रेकामही. तो तर बरेचदा स्वतःची फिडल न घेताच फिरे. ज्या घरी मुक्काम पडे, तिथे असेल ती फिडल घेऊन वाजवी.