विंडोज १० असलेल्या जुन्या संगणकांचे काय करावे? सोसायटीच्या संगणक गटावरील चर्चा

सी-२०३ (गटाचे संयोजक): सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी क्लब हाउसमध्ये आपण भेटणारच आहोत, परंतु विंडोज १० विषयी इतक्या जणांनी विचारणा केली आहे की मुख्य माहिती आधीच लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नियमित सुरक्षा-अपडेट देणे १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहे. याचा अर्थ तो संगणक त्या दिवशी बंद पडला असा मुळीच नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, छपाई करतो, इंटरनेटही चालते. फक्त नव्याने सापडणाऱ्या त्रुटी आता आपोआप बुजवल्या जात नाहीत. म्हणून घाबरून नवा संगणक घेऊ नये आणि काहीच न करता जुनाही तसाच वापरत राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्या घरात तो संगणक कशासाठी वापरला जातो, यावर पुढचा निर्णय अवलंबून ठेवावा. कृपया प्रत्येकाने आपला उपयोग येथे लिहावा.

ए-१०४: संयोजक महोदय, माझा संगणक आठ-नऊ वर्षांचा आहे. मी त्यावर बँकेचे व्यवहार पाहतो, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे ठेवतो आणि मराठीत लेखन करतो. दुकानदाराने सांगितले की यावर विंडोज ११ 'बसवून देतो', काही अडचण येणार नाही. हे करावे काय?

सी-२०३: काका, तसे करू नये असे मी सुचवेन. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय), सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणूक लागते. शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. आपला संगणक त्या यादीत बसत नसेल, तर दुकानदार तपासणी चुकवून ते बसवतो. अशा संगणकांना पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कारणासाठी आपण हे सारे करणार, तेच अशाने निरर्थक ठरते, आणि बँकेच्या व्यवहारांसाठी तर मी ते मुळीच सुचवणार नाही.

डी-३०२: आजोबा, त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. पुष्कळ संगणकांत टीपीएमची सोय असते, पण ती बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर तिला पीटीटी म्हणतात आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन चालवले, की नेमके काय कमी पडते ते कळते. फक्त टीपीएम कमी पडत असेल आणि प्रोसेसर यादीत असेल, तर एक पैसाही खर्च न करता अधिकृत मार्गाने विंडोज ११ घेता येते. मी शनिवारी संध्याकाळी येऊन पाहू शकेन.

सी-२०३: ही सूचना उत्तम आहे, फक्त एक खबरदारी घ्यावी. बायोसमध्ये बदल करण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावे आणि असल्यास त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवून ठेवावी. अन्यथा पुढच्या वेळी संगणक तीच की मागतो आणि ती नसली तर डिस्कवरील सर्व मजकूर हाताबाहेर जातो. तसेच जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर थेट यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) चालू केले, तर विंडोज सुरूच होत नाही. तेवढी एक सेटिंग बदलून पाहू, असे या ठिकाणी करून चालत नाही.

ए-१०४: आणि प्रोसेसरच यादीत नसेल तर?

सी-२०३: तर काका, आपल्यासाठी सर्वांत सोपा मार्ग मुदतवाढीचा आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे आणि त्या तारखेपर्यंत केव्हाही नाव नोंदवता येते. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'विंडोज अपडेट' उघडल्यावर नोंदणीची लिंक दिसते. ती दिसत नसेल, तर आपली आवृत्ती २२एच२ आहे का ते 'सिस्टम'मधील 'अबाउट' या पानावर पाहावे, कारण त्यापूर्वीच्या आवृत्तीला ही योजना लागू होत नाही. नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. त्या खात्याशी संगणकाची सेटिंग्ज जोडली तर शुल्क लागत नाही. ती जोडायची नसतील तर ३० डॉलर किंवा स्थानिक चलनात तेवढी रक्कम एकदाच भरावी लागते. एका नोंदणीवर दहा संगणक चालतात, त्यामुळे घरातील दुसऱ्या संगणकासाठी वेगळे पैसे भरण्याची गरज नाही.

यातील एक बारकावा मुद्दाम सांगतो, कारण पुढचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. सेटिंग्ज जोडताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डरही वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीवर चढवण्याची सोय चालू होऊ शकते. मोफत जागा केवळ ५ जीबी असते. छायाचित्रे चढू लागली की ती लगेच भरते आणि जागा विकत घ्यावी, असे संदेश येऊ लागतात. नोंदणीला या फोल्डरांची गरज नाही. ते बंद करावेत आणि फक्त सेटिंग्ज चालू ठेवावीत.

बी-४०५: डी-३०२ च्या ताईंनी आणि संयोजक सरांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे. आमच्याकडे मात्र संगणकाचा वेगच इतका कमी झाला आहे की मुलाला प्रकल्पाचे काम करताना फार वाट पाहावी लागते. मुदतवाढ घेऊन काय उपयोग होईल?

डी-३०२: काकू, आपल्या संगणकात फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असावी. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली तर चालू होण्याच्या वेळेत आणि एकूण कामात मोठा फरक पडतो. प्रोसेसर जुना असला तरी कागदपत्रे, इंटरनेट आणि चित्रफिती पाहणे यांसाठी तो पुरेसा असतो. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करावी. त्याआधी मदरबोर्डवर डीडीआर३ प्रकारची रॅम लागते की डीडीआर४, हे पाहूनच खरेदी करावी, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

सी-२०३: आणि काकू, मुलाचे काम मुख्यतः ब्राउझरमध्ये आणि लेखन-सादरीकरणाचे असेल, तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी बसवता येणारी कार्यप्रणाली) अवश्य पाहावे. ते मोफत आहे, त्याची २२ क्रमांकाची मालिका उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. विंडोजची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ ला संपेल. ज्या संगणकावर विंडोज ११ कधीच येणार नाही, त्याला त्यानंतरही सुरक्षित चालवायचे असेल तर आजच्या घडीला हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. रॅम कमी असल्यास त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. डिस्कवर काहीही न लिहिता ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्या स्थितीत वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर ही चारही उपकरणे तपासावीत. प्रिंटरकडे विशेष लक्ष द्यावे: कार्यालयांत आणि घरांत दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर विंडोजच्या ड्रायव्हरवरच अवलंबून असतात आणि लिनक्सवर त्यांच्यासाठी बरीच खटपट करावी लागते.

बी-६०१: मी व्यवसायाने हिशेबनीस असल्याने माझ्यासारख्यांच्या वतीने एक सूचना करतो. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर मूलतः विंडोजवर चालते, आणि डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनसोबत लागणारी साधनेही मुख्यतः विंडोज गृहीत धरून दिलेली असतात. त्यामुळे घरच्या संगणकावर कोणी जीएसटीचे विवरणपत्र भरत असेल किंवा कंपनीची कागदपत्रे स्वाक्षरी करून पाठवत असेल, तर त्याने तो संगणक लिनक्सवर नेऊ नये.

सी-२०३: सर, आपण योग्य वेळी लिहिलेत. अशा संगणकासाठी आता मुदतवाढ आणि ऑक्टोबर २०२६ पूर्वी नवा संगणक, हाच क्रम ठेवावा. विवरणपत्रांच्या ऐन मुदतीत संगणक बदलण्याची वेळ येऊ नये.

सचिव: सोसायटीच्या कार्यालयातील संगणकाविषयीही मार्गदर्शन हवे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभांची जुनी इतिवृत्ते श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखन-सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. मागील आठवड्यात एक फाइल मी माझ्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली. फाइल खराब झाली आहे काय?

सी-२०३: सचिव महोदय, फाइल खराब झालेली नाही. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असत. तो फॉन्ट संगणकावर असेपर्यंत मराठी दिसते. तो नसला की मागचे मूळ इंग्रजी संकेत उघडे पडतात. युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक असल्याने ही अडचण येत नाही. म्हणून जुना संगणक हलवण्याआधी, म्हणजे तो फॉन्ट त्यावर व्यवस्थित चालत असतानाच, प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ काढून घ्यावी. पीडीएफ पाहायला आणि छापायला कायम उपयोगी पडेल. त्यानंतर मूळ मजकूर परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फॉन्टचे संकेत बदलून देणाऱ्या साधनाने, युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ फाइलही जपून ठेवावी.

परिवर्तनानंतर वाचन मात्र माणसानेच करावे लागते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे उलट आहे: पूर्वी तो अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये तो आधी येतो. परिवर्तक हे क्रम बदलतो, पण जोडाक्षरांपाशी तो चुकतो. 'निर्मिती', 'वार्षिक', 'कार्यकारिणी' असे शब्द आधी तपासावेत, आणि ठरावांतील रकमा व सदनिकांचे क्रमांक पीडीएफशी एकेक करून ताडून पाहावेत. इतिवृत्त हे सोसायटीचे अधिकृत दप्तर आहे. त्यातील एक आकडा बदलला तर पुढे वाद उभा राहू शकतो.

ए-१०४: माझ्या लेखनाचेही असेच होईल काय? मी गुगलच्या जुन्या साधनाने टंकलेखन करतो.

डी-३०२: नाही आजोबा, ते साधन युनिकोडच लिहिते, त्यामुळे आपले लेखन सुरक्षित आहे. परंतु संगणकावर बसवायची त्याची आवृत्ती गुगलने मागे घेतली आहे, आणि अनोळखी संकेतस्थळांवर तिच्या नावाने मिळणाऱ्या फाइली उतरवू नयेत. विंडोज १० मध्येच मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक आलेला आहे. 'लँग्वेज' सेटिंगमध्ये मराठी निवडून तो जोडता येतो. इंग्रजी अक्षरांत उच्चार टंकण्याची आपली सवय तशीच चालते.

सी-२०३: काका, वेळ असेल तर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक शिकावा, असा माझा आग्रह आहे. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे, अशी त्याची रचना आहे. अल्पप्राण आणि महाप्राण एकाच कळीवर येतात, क शिफ्टसह ख होतो. ळ आणि ऱ ही आपली अक्षरे शिफ्ट धरून थेट उमटतात. विंडोज, लिनक्स आणि मोबाइल या तिन्हींवर तोच कळफलक मिळतो, म्हणून संगणक बदलला तरी बोटांची सवय बदलावी लागत नाही.

बी-४०५: आमच्याकडे काल एक दूरध्वनी आला. आपले विंडोज कालबाह्य झाले आहे, आम्ही कंपनीतून बोलत आहोत, एक ॲप उतरवा म्हणजे दुरुस्त करून देतो, असे ती व्यक्ती म्हणाली. मी फोन बंद केला.

सी-२०३: काकू, आपण अगदी योग्य केलेत आणि येथे कळवलेत हे त्याहून चांगले झाले. मायक्रोसॉफ्ट कोणालाही आपण होऊन असा दूरध्वनी करत नाही. अशी व्यक्ती एनीडेस्कसारखे दूरस्थ नियंत्रणाचे साधन उतरवायला सांगते आणि पडद्याचा ताबा घेऊन बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचते. पडद्यावर मोठ्या आवाजात इशारा आणि दूरध्वनी क्रमांक दिसला, तर तो क्रमांक लावू नये. ब्राउझर बंद करावा, होत नसेल तर संगणकच बंद करावा. कोणाचे पैसे गेलेच, तर संकोच न बाळगता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ते गोठवले जाण्याची शक्यता असते. आपल्या इमारतीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना हे प्रत्यक्ष भेटून सांगावे, कारण ते सर्व जण या गटात नाहीत.

सचिव: ज्यांना संगणक काढूनच टाकायचे आहेत, त्यांच्यासाठी काय व्यवस्था करावी?

सी-२०३: ते भंगारवाल्याला देऊ नयेत. तारा जाळून तांबे आणि आम्ल वापरून सर्किटमधील धातू काढले जातात, त्याचा त्रास हे काम करणाऱ्या माणसांना आणि आसपासच्या वस्तीला होतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच तो जायला हवा. सोसायटीने एकत्रित संकलनाचा एक दिवस ठरवून पावती घ्यावी. देण्यापूर्वी विंडोजच्या 'रीसेट'मध्ये सर्व काही काढून टाकण्याचा आणि त्यासोबत डिस्क स्वच्छ करण्याचा पर्याय निवडावा. संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून घरी ठेवावी.

बी-६०१: रविवारी येताना काय आणावे?

सी-२०३: ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी बाह्य हार्ड डिस्क आणावी. त्याआधी घरी प्रत घेताना केवळ डॉक्युमेंट्स फोल्डरवर थांबू नये. डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा फोल्डर आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही पाहावेत. घेतलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मूळ काहीही पुसू नये. लॅपटॉप आणणाऱ्यांनी चार्जर विसरू नये, क्लब हाउसमध्ये सॉकेट कमी असल्याने डी-३०२ कडून एक्स्टेंशन बोर्ड येणार आहेत.

डी-३०२: दोन बोर्ड आणते. आजोबा, आपला संगणक डेस्कटॉप असल्याने खाली आणू नका, मी शनिवारी सहा वाजता घरीच येते.

ए-१०४: अवश्य ये. बिटलॉकरविषयी वर लिहिले आहे ते मी आजच तपासतो आणि की मिळाली तर वहीत उतरवून ठेवतो.